मामांच्या तीन सह्या: एका चालू हमीचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपच्या कॅश क्रेडिट खात्याला, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी हवी तशी उचल करायच्या कर्जखात्याला, मामा जामीनदार होते. खातं 2021 अखेर थकलं. जून 2022 मध्ये सहकारी बँकेची मागणी नोटीस मामांच्या राजारामपुरीतल्या घरी आली. कर्जदार संस्था, तिचे भागीदार आणि जामीनदार या सगळ्यांनी मिळून ₹26,70,000 भरावेत, असं तिच्यात लिहिलं होतं. मामांनी मात्र आपला जामीन मागे घेतल्याचं पत्र तीन वर्षं आधीच बँकेत दिलं होतं, आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्काही होता. मग त्यांच्या नावे नोटीस कशी आली? आणि आली तरी ती त्यांना किती बांधते?

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातली माणसं, बँक आणि रकमा कुणा एकाच्या नाहीत. कलमं, निवाडे आणि हिशोबाची रीत मात्र खरी आहे. जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांचं जाळं इतकं दाट आहे की कुणाला ना कुणाला जामीन राहिलेला माणूस जवळपास प्रत्येक घरात सापडतो. म्हणूनच हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

सह्या कशावर झाल्या

मामा शाळामास्तर. 2014 साली निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी भाचा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "मामा, दोन सह्या पायजे हुत्या. एक मशीनच्या कर्जाला, एक खेळत्या भांडवलाच्या खात्याला. तुमी मास्तर माणूस, तुमच्या सहीला बँक न्हाई म्हणत न्हाई." भाचा आणि त्याचा मित्र असे दोन भागीदार होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) आणायचं, मशिनिंग करून परत द्यायचं, असा जॉबवर्कचा धंदा.

पहिली सही झाली व्हीएमसी मशीनच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनिंगच्या यंत्राच्या, मुदत कर्जावर. रक्कम ठरलेली, हप्ते ठरलेले, शेवटची तारीख ठरलेली. दुसरी सही कॅश क्रेडिट खात्याच्या जामीनपत्रावर झाली, तिची मर्यादा ₹10 लाख. या खात्यात माल गेला की पैसे जमा व्हायचे, बीड (ओतीव लोखंड) किंवा टूल घ्यायचं झालं की उचल व्हायची, महिन्याला साठापत्रक द्यायचं आणि वर्षाला नूतनीकरण. तिसरी सही 2019 मध्ये, नातीच्या इंजिनिअरिंगच्या शैक्षणिक कर्जावर.

तिन्ही ठिकाणी मामा 'जामीनदार'च. पण कायद्याच्या नजरेत मधली सही वेगळ्या जातीची आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 129 प्रमाणे व्यवहारांच्या मालिकेला लागू होणारी हमी ती चालू हमी. कायद्यानेच दिलेली दोन उदाहरणं इथे फार उपयोगी पडतात. एकात पाच पोती पिठाच्या किमतीची हमी आहे. पाच पोती आली, पैसे चुकते झाले, हमी संपली. पुढे आणखी चार पोती उधार नेली आणि पैसे बुडवले, तर जामीनदाराचा संबंध नाही. दुसऱ्यात चहाच्या व्यापाऱ्याला शंभर पौंडांपर्यंतची हमी दिली आहे, वेळोवेळी जो चहा पुरवला जाईल त्याबद्दल. एकदा शंभराहून जास्तीचा माल नेला आणि पैसे दिले, म्हणून ती हमी संपत नाही. पुढच्या खेपेला दोनशेचा माल नेऊन पैसे बुडवले, तर जामीनदार शंभरापर्यंत अडकलेलाच असतो.

मशीनचं कर्ज म्हणजे पाच पोती पीठ. ते 2018 मध्ये फिटलं, बँकेने बेबाकी दाखला दिला, मामांनी तो फाइलला लावला. आणि आपण भाच्याच्या धंद्यातून मोकळे झालो, अशी त्यांची पक्की समजूत झाली. दाखल्यावर कर्जखात्याचा क्रमांक होता आणि तो फक्त मुदत कर्जाचा होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अशी प्रकरणं उभी राहतात ती बहुतेकदा याच ठिकाणी. कॅश क्रेडिट खात्याची बाकी मध्येच एखाद्या दिवशी शून्यावर आली तरी चालू हमी मरत नाही, दुसऱ्या दिवशीच्या उचलीबरोबर ती पुन्हा उभी राहते.

शैक्षणिक कर्जही पिठाच्या बाजूचंच, असं माझं मत आहे. बँका साधारण इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे चालतात. तेव्हा तिच्यात ₹4 लाखांपर्यंत पालक सहकर्जदार पुरत, त्यावर ₹7.5 लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाचा जामीन घेतला जाई. परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते. फी दर वर्षी कॉलेजला जाते, तेव्हा वरवर तीही मालिका वाटते. पण एकूण रक्कम, अभ्यासक्रम आणि परतफेडीची मुदत पहिल्याच दिवशी ठरलेली असते. एकच कर्ज, फक्त तुकड्यांनी दिलेलं.

पत्र

नातीच्या कर्जासाठी एप्रिल 2019 मध्ये दुसऱ्या बँकेने मामांचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जांच्या आणि जामिनांच्या नोंदींचा उतारा, काढला, तेव्हा गोष्ट उघड झाली. अहवालात भाच्याचं कॅश क्रेडिट खातं 'जामीनदार' या नात्याने चालू दिसत होतं, तेही ₹20 लाखांच्या मर्यादेसह. 2017 मध्ये बँकेने मर्यादा दुप्पट केली होती. त्या कागदांवर मामांची सही नव्हती. 2018 मध्ये भाच्याचा मित्र भागीदारीतून बाहेर पडला आणि धाकटा भाऊ आत आला. तेव्हा नव्या भागीदाराच्या सह्या घेतल्या गेल्या, मामांना कुणी बोलावलं नाही. मात्र मार्च 2018 च्या एका बाकी मान्यता पत्रावर (इतकं देणं उभं आहे, हे कबूल करणाऱ्या कागदावर), ₹16,20,000 या आकड्याखाली, मामांची सही होती. मशीनच्या कर्जाच्या कागदांबरोबर भाच्याने तेही पुढे सरकवलं होतं.

मामांनी 10 मे 2019 रोजी शाखेत पत्र दिलं. त्यातलं कामाचं वाक्य असं होतं: "सदर खात्यास मी दिलेली हमी यापुढील व्यवहारांस लागू राहणार नाही, तरी आजची बाकी मला लेखी कळवावी." व्यवस्थापक म्हणाले, "होऊन जाईल सर. भाच्याला सांगा, दुसरा जामीनदार घेऊन यायला." मामा हलले नाहीत. प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्यावरच बाहेर आले. पुढे सगळा वाद या शिक्क्यावर उभा राहिला.

कलम 130 सांगतं की चालू हमी जामीनदाराला केव्हाही, पुढच्या व्यवहारांपुरती, धनकोला (इथे बँकेला) सूचना देऊन मागे घेता येते. तोंडी सांगितलेलं सिद्ध कसं करणार? शाखेत व्यवस्थापक तीन-तीन वर्षांनी बदलतात, नवा माणूस फाइल पाहतो. आणि 'पुढच्या व्यवहारांपुरती' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पत्राच्या दिवशी जे देणं उभं आहे त्यातून जामीनदार सुटत नाही. त्याने फक्त एक रेघ मारलेली असते.

त्यातही छापील जामीनपत्र आडवं येऊ शकतं. सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या 2008 च्या निवाड्यात जामीनदाराने करारानेच हा हक्क सोडून दिला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम 130 चा आधार घेऊ दिला नाही. मामांच्या जामीनपत्रात सुदैवाने हक्क पूर्ण सोडलेला नव्हता. लेखी सूचनेनंतर तीन महिन्यांनी हमी संपेल, असं तिथे होतं. म्हणजे रेघ 10 मेवरून सरकून 10 ऑगस्ट 2019 वर आली.

जे मुद्दे वाटले तितके भक्कम नव्हते

नोटीस आल्यावर मामांच्या मनात पहिला विचार आला तो बहुतेक जामीनदारांचा असतो: आधी भाच्याकडून वसूल करा, मशीन विका, मग माझ्याकडे या. हे चालत नाही. कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच, म्हणजे कर्जदाराइतकीच, असते, आणि बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या 1968 च्या निवाड्यापासून हे पक्कं आहे की बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याची सक्ती नाही. 2014 ची सही म्हणजे मुदत बाद, हाही मुद्दा टिकत नाही. मागणीनंतर देय होणाऱ्या हमीत मुदत सहीच्या दिवसापासून मोजली जात नाही. मागणी झाली आणि ती नाकारली गेली, तिथून ती मोजायची.

मर्यादा वाढवली त्याला माझी संमती नव्हती, हा मुद्दा ऐकायला जोरदार आहे. कलम 133 प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करारात फरक केला, तर तो फरकानंतरच्या व्यवहारांतून मुक्त होतो. पण जामीनपत्राच्या मागच्या पानावर बँकेने अशा बदलांना आगाऊ संमती घेऊन ठेवली होती, आणि 2018 च्या बाकी मान्यता पत्रावरच्या सहीमुळे 'मला माहीतच नव्हतं' हेही म्हणता येईना.

भागीदार बदलल्याचा मुद्दा कमी लोकांना ठाऊक असतो. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 चं कलम 38 याच परिस्थितीसाठी आहे. संस्थेच्या व्यवहारांबद्दल दिलेली चालू हमी, संस्थेच्या रचनेत बदल झाला की त्या तारखेपासून पुढे आपोआप रद्द होते. मात्र याविरुद्ध करार नसेल तरच. इथे करार होता. 'संस्थेच्या रचनेत कोणताही बदल झाला तरी ही हमी चालू राहील' ही ओळ छापलेली होती. कायदा जामीनदाराला जे देतो, त्यातलं बरंचसं छापील फॉर्म परत काढून घेतो. ज्याच्या भरवशावर बँक पैसे देते त्याला हा फॉर्म घरी नेऊन वाचायलाही मिळू नये, हे मला अन्यायाचं वाटतं. सहीआधी प्रत मागणं हा उद्धटपणा नाही, हे आपल्याकडे अजून रुजलेलं नाही.

एक मर्यादा मात्र मामांच्या बाजूने पक्की होती. जामीनपत्रात आकडा ₹10 लाख आणि त्यावरचं व्याज व खर्च असा होता. तेव्हा ₹26,70,000 ची पूर्ण मागणी त्यांच्यावर टाकता येत नव्हती.

खातेउताऱ्यातला हिशोब

खरी गोष्ट खातेउताऱ्यात होती, आणि ती शोधायला वकिलाइतकाच चांगला हिशोबनीस लागतो.

10 ऑगस्ट 2019 रोजी खात्याची नावे बाकी, म्हणजे बँकेचं येणं, ₹18,40,000 होती. तो आठवडा कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेचा महापूर, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, माल ना आत येतोय ना बाहेर जातोय. वाहन उद्योगातली मंदी आधीपासून होतीच. उरलेल्या ऑगस्टमध्ये खात्यात जेमतेम ₹65,000 जमा झाले. मग गाडी थोडी रुळावर आली. सप्टेंबरमध्ये ₹2,90,000, दिवाळीच्या ऑक्टोबरमध्ये ₹3,40,000, नोव्हेंबरमध्ये ₹2,75,000, डिसेंबरमध्ये ₹3,10,000, जानेवारीत ₹3,25,000, फेब्रुवारीत ₹2,95,000 आणि मार्चमध्ये ₹1,40,000 जमा. एकूण ₹20,40,000. त्याच काळात उचल आणि व्याज मिळून ₹21,25,000 नावे पडले. 31 मार्च 2020 ची बाकी आली ₹19,25,000.

वरवर पाहिलं तर बाकी होती तिथेच आहे, उलट थोडी वाढली आहे. बँकेच्या वसुली विभागाने तेच पाहिलं. पण कोणती जमा कोणत्या देण्यापोटी धरायची, याचा कायदा आहे. ऋणको सांगेल त्या देण्यापोटी धरावी, त्याने सांगितलं नाही तर धनकोने ठरवावं, आणि दोघांनीही काही ठरवलं नाही तर जुनं देणं आधी फिटलं असं समजावं. करार अधिनियमाची कलमं 59 ते 61 ही अशी. चालू खात्याला हाच नियम इंग्लंडमधल्या 1816 च्या क्लेटन प्रकरणापासून लावला जातो: पहिली नावे नोंद पहिल्या जमेने फिटते.

आता वरची बेरीज पुन्हा करू. जानेवारीअखेर जमा ₹16,05,000 झाली, फेब्रुवारीअखेर ₹19,00,000. म्हणजे 10 ऑगस्टचे ₹18,40,000 फेब्रुवारी 2020 मध्ये पूर्ण फिटले. त्यानंतर खात्यात जे देणं उभं राहिलं तो प्रत्येक रुपया रेघेनंतरच्या उचलीचा आणि त्यावरच्या व्याजाचा. मामांची हमी ज्या व्यवहारांपुरती जिवंत होती, त्यातलं एकही देणं उरलेलं नव्हतं.

बँकेला हे टाळता आलं असतं. हमी मागे घेतल्याचं पत्र आलं की जुनं खातं तिथेच गोठवायचं, कर्जदाराचे पुढचे व्यवहार नव्या खात्यात चालवायचे. जुन्या शाखाधिकाऱ्यांना ही रीत तोंडपाठ असते. मामांच्या जामीनपत्रातही 'बँक नवे खाते उघडू शकेल' असं कलम होतं. बँकेने ते वापरलं नाही. दुसरा जामीनदार येणार, या आशेवर पत्र फाइलला लागलं आणि खातं तसंच चालू राहिलं.

बँकेचं उत्तर अगदीच पोकळ नव्हतं. क्लेटनचा नियम म्हणजे एक गृहीतक आहे. पक्षकारांचा हेतू वेगळा दिसला तर तो बाजूला पडतो, आणि 'अंतिम बाकीस जामीनदार जबाबदार' या छापील शब्दांतून तो वेगळा हेतू दिसतो, असं बँकेच्या वकिलांचं म्हणणं. माझ्या मते हे शब्द हमी जिवंत असतानाच्या अंतिम बाकीबद्दल आहेत. हमी संपण्याची रीत त्याच जामीनपत्रात वेगळी दिली असताना, संपल्यानंतरच्या बाकीपर्यंत ते ताणता येत नाहीत.

तडजोड

बँकेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करायच्या अधिकृत आदेशासाठी, अर्ज केला. तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकू देणारा सरफेसी कायदा मामांच्या घराला लागत नव्हता. तो सहकारी बँकांनाही वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात ठरवलं आहे. पण त्यासाठी मालमत्ता तारण असावी लागते, आणि मामांनी फक्त सही दिली होती. घर गहाण नव्हतं.

कलम 101 ची अडचण निराळी. तिथली चौकशी थोडक्यात होते. जमा कोणत्या देण्यापोटी धरायची, हा वाद तिथे नीट ऐकला जाईलच असं नाही. आणि दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज (वरच्या पातळीवर फेरतपासणीची मागणी) करायचा तर वसूलपात्र रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. ₹26,70,000 चे निम्मे ₹13,35,000. मामांची निवृत्तीची ठेव त्यातच संपली असती. बाजू खरी असूनही ती मांडायला परवडू नये, अशी ही कोंडी. म्हणून सगळा जोर दाखला निघण्याआधी लावायचा, हे त्यांच्या वकिलांनी बरोबर ओळखलं. लेखी म्हणण्याबरोबर शिक्क्याचं पत्र, जामीनपत्रातली तीन महिन्यांची अट आणि महिन्यावार जमेचा एका पानाचा तक्ता जोडला. त्या तक्त्याने काम केलं. बँकेच्या कायदा विभागाने तो पाहिल्यावर बोलणी सुरू झाली.

जून 2024 मध्ये एकरकमी परतफेड ठरली. भाच्यांनी व्हीएमसी मशीन विकलं, आईच्या नावची ठेव मोडली आणि ₹19 लाख भरले. मामांनी ₹2 लाख द्यावेत, अशी बँकेची शेवटची अट होती. ते देणं लागत नव्हते, असंच माझं मत आहे. पण वय, तारखांवर तारखा आणि बहिणीच्या घराशी असलेला संबंध हे सगळं तोलून त्यांनी चेक दिला. त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. ही रक्कम करार अधिनियमाच्या कलम 145 प्रमाणे त्यांना भागीदारांकडून परत मागता येते. धाकट्या भाच्याने तसं लिहून दिलं आहे आणि महिन्याला ₹10,000 तो मामांच्या खात्यावर टाकतो.

बँकेने दिलेल्या पहिल्या पत्राचा मसुदा मामांनी परत पाठवला. त्यात फक्त 'कर्जखाते बंद केले आहे' एवढंच होतं. दुसऱ्या मसुद्यात कॅश क्रेडिट खात्याचा क्रमांक, 2014 च्या जामीनपत्राची तारीख, ती हमी संपुष्टात आल्याचं वाक्य, कलम 101 चा अर्ज मागे घेतल्याची नोंद आणि मूळ जामीनपत्र रद्द शेरा मारून परत, असं सगळं आलं. त्यानंतर सिबिलच्या नोंदीसाठी अर्ज झाला. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पतमाहितीची तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला ₹100 भरपाई मिळते. मामांनी अर्जात तो नियम तारखेसह लिहिला, आणि महिन्याच्या आत अहवालातून त्या खात्यापुढचा 'जामीनदार, चालू' हा शेरा निघाला. नातीच्या शैक्षणिक कर्जाची नोंद तेवढी राहिली. तिचे हप्ते आता सुरू झाले आहेत, आणि ते ती स्वतः भरते.